चुकलेले टोल

ऐंशीच्या पुढे गेल्यावर लोक एकमेकांकडे पाहू लागले.

आमच्या जालन्याच्या मंडळीत जुनी रीत आहे. माणूस गेला की त्याच्या वयाइतके घंटेचे टोल द्यायचे. चर्चच्या दारातून पेटी बाहेर निघाली की पहिला टोल, आणि कबरस्तानाच्या फाटकाशी पोचेपर्यंत शेवटचा. अंतर फार नाही, मिशन कंपाऊंडची चिंचेची रांग संपली की फाटक. पप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यातली एकतीस वर्षं ते याच मंडळीचे पाळक होते, आणि या घंटेखालून त्यांनी इतकी माणसं पोचवली होती की कोणाचे किती टोल झाले हे त्यांना कोणाला न विचारता सांगता येत असे.

मी पुण्यात एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधनाचं काम करते. चुका मोजायची सवय हाडात गेलेली. त्या दिवशी रडण्याऐवजी मी टोल मोजत होते. सुरुवातीलाच एकदा मध्ये खंड पडला. मला वाटलं, दोर अडकला असेल. मग पुन्हा सुरू झाले ते थांबेचनात. अठ्ठ्याहत्तर झाले, ऐंशी झाले, पेटी फाटकाशी येऊन खांदेकरी ताटकळले, तरी घंटा चालूच.

"मामांना आता घरी बसवायला पाहिजे," माझ्या मागे पारधेसर पुटपुटले. पारधेसर म्हणजे मनोहर पारधे, मिशनच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि पंच कमिटीचे सेक्रेटरी. "पाळकसाहेबांच्या दफनाला तरी नीट मोजायचं."

सत्त्याण्णवावर घंटा थांबली.

सगळं आटोपल्यावर मी घंटेच्या मनोऱ्यापाशी गेले. इस्राएलमामा पायरीवर बसून तळहात चोळत होते. चाळीसेक वर्षं चर्चची झाडलोट आणि घंटा त्यांच्याकडेच होती. कानानं कमी ऐकू येत असे, घंटेमुळेच असेल.

"मामा, किती झाले टोल?" मी मोठ्यानं विचारलं.

"झाले, बाई," ते म्हणाले. "समदे झाले."

म्हाताऱ्या माणसाला आणखी काय छळायचं, म्हणून मी परत फिरले.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली.

तेव्हा मी एक संकेतस्थळ चालवत असे. नाव होतं 'माडी'. वरच्या मजल्यावर, दार लावून, जवळच्या माणसांनी मोकळेपणानं बोलावं, असा त्या नावामागचा विचार. पप्पांनी पहिल्याच दिवशी त्याची वाट लावली. "पाळकाच्या पोरीनं माडीचं दुकान काढलं," म्हणून त्यांनी कंपाऊंडभर सांगितलं. "प्यायला किती जण येतात?"

बरेच येत. मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक, नगरचे, सोलापूरचे, नागपूरचे, काही दुबईतले. नियम एकच होता: खरं नाव लिहायचं नाही आणि दुसऱ्याचं विचारायचं नाही. कोणी 'मीठ' होतं, कोणी 'जुनी पेटी', कोणी 'दुधारी'. देवावर राग येतो हे प्रार्थनासभेत उभं राहून सांगता येत नाही. 'माडी'वर सांगता येई. अर्थात शिव्या देणंही तिथे सोपं होतं. दुधारी तर रोज कोणाला ना कोणाला नरकात पाठवून मगच चहा पीत असावा.

पप्पांना ते मुळीच पसंत नव्हतं. मी सुट्टीत घरी आले की वर्तमानपत्राआडून विचारत, "आज काय म्हणतायत तुझे बुरखेवाले?"

"एकजण विचारतोय, बायको मेल्यापासून प्रार्थना होत नाही, चालेल का?"

"मग त्यानं माझ्याकडे यावं. मी दोन घरं सोडून राहत असेन."

"म्हणूनच येत नाही, पप्पा."

यावर ते पान उलटत. एकदा मात्र वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले होते, "निरू, तोंड न दाखवता बोलणाऱ्याला कोणी उलटून विचारू शकत नाही. ती सोय फार वाईट. तिची चटक लागते." आणि बराच वेळ त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उचललं नव्हतं.

दफनानंतर पंधरा दिवस मी रजा घेऊन जालन्यातच राहिले. मम्मी जाऊन सहा वर्षं झाली होती, भावंडं नाहीत. घर रिकामं करायचं काम माझंच. पुस्तकं खोक्यात भरता भरता अकराव्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप उघडला. 'मागचा बाक' या नावानं कोणीतरी पहिल्यांदाच लिहिलं होतं.

"आमच्या मंडळीत माणूस गेला की वयाइतके टोल देतात. सव्वीस वर्षांपूर्वी एक मुलगा गेला. वय १९. त्याने स्वतःच जीव दिला. पाळकांनी त्याला कबरस्तानाच्या कोपऱ्यात जागा दिली, प्रार्थनाही केली, पण घंटा वाजवू दिली नाही. तो माझा कोण होता हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, आणि आता सांगता येणार नाही. माझं लग्न झालं, मुलं मोठी झाली. पण दर रविवारी घंटा ऐकली की वाटतं, ही त्याची नाही. एवढंच विचारायचं आहे. ज्याची घंटा वाजली नाही, तो वर पोचल्याचं कोणाला कळलं असेल का?"

मी ते तीनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात मुद्रितशोधकाच्या लक्षात येतं ते लक्षात आलं: इतक्या मजकुरात लिहिणारा पुरुष आहे की बाई, हे सांगणारं एकही क्रियापद नव्हतं. मराठीत असं लिहिणं सोपं नाही. प्रत्येक वाक्य वळवून, तपासून लिहिलेलं होतं.

आणि वयाचे टोल द्यायची रीत अख्ख्या जिल्ह्यात आमच्याच मंडळीत होती. सव्वीस वर्षांपूर्वी पाळक पप्पा होते.

खाली उत्तरं यायला लागली होती. 'जुनी पेटी'नं लिहिलं होतं, "देवाला घंटा लागत नाही, माझ्या लेकरा." 'मीठ' म्हणत होता, "त्या पाळकाचं नाव जाहीर करा." आणि दुधारी: "जीव देणाऱ्याला घंटा कशाला? पाळकांनी योग्य तेच केले. अशा माणसाला मंडळीचा आशिर्वाद मिळू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पारधेसर आले. खुर्चीवर न बसता म्हणाले, "तू ते वाचलंस ना?"

"वाचलं."

"तो मुलगा म्हणजे प्रफुल्ल आढाव. आढावांचं घर त्याच वर्षी मुंबईला गेलं. इथे त्यांचं कुणी नाही. म्हणजे लिहिणारा मंडळीतलाच आहे. रोज आपल्याबरोबर बसणारा, आपल्याबरोबर भाकर घेणारा." त्यांचा आवाज चढला. "साहेबांना जाऊन पंधरा दिवस नाही झाले. पुढच्या रविवारी आपण त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवतोय. आणि हा बुरख्यातून चिखल फेकतोय!"

"सर, ते खरं आहे का? पप्पांनी घंटा वाजवू दिली नाही?"

"तू तेव्हा कॉलेजात होतीस, तुला काय माहीत. तेव्हाची कमिटी तशी होती. मीही होतो. आम्ही म्हणालो, घंटा वाजली म्हणजे मंडळीनं त्या गोष्टीला मान्यता दिली, उद्या आणखी पोरं तेच करतील. साहेब आधी तयार नव्हते. मग झाले." त्यांनी हात झटकला. "ते जाऊ दे. साइट तुझी आहे. नाव नोंदवताना लोक ईमेल देतात, तो तुला दिसतो. बरोबर?"

"दिसतो."

"मग नाव दे. कमिटी त्या माणसाला बोलावेल. माफी मागितली तर ठीक, नाहीतर वर्षभर प्रभुभोजनाची भाकर बंद."

"आणि तिथे कळलं की तो मुलगा त्या माणसाचा कोण होता, तर?"

"तो त्याचा प्रश्न." सर दाराशी जाऊन वळले. "तू मुलगी आहेस ना त्यांची? मला काही सांगावं लागू नये."

ते गेल्यावर मी लॅपटॉपसमोर बसले. त्या नावावर बोट ठेवलं की ईमेल उघडणार होता. मी खोटं सांगणार नाही. मला नाव हवं होतं. कमिटीसाठी नाही, माझ्यासाठी. माझे वडील मातीत जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच त्यांच्याविषयी असं लिहिणारं माणूस कोण, रविवारी माझा हात हातात घेऊन 'देव तुला सांत्वन देवो' म्हणालेल्यांपैकी कोण, हे मला पाहायचं होतं. बोट बराच वेळ तिथे होतं.

मग मी लॅपटॉप मिटला आणि इस्राएलमामांकडे गेले. आधी ते खरं होतं का, हे दोराला हात लावणाऱ्याकडून ऐकायचं होतं.

मामा मनोऱ्यालगतच्या खोलीत शेंगा सोलत बसले होते. मी त्यांच्या उजव्या कानाशी बसले. "मामा, प्रफुल्ल आढावची घंटा का नाही वाजवली?"

त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. "कोण म्हणलं तुला?"

"एकानं लिहिलंय."

"मी दोर धरून उभा होतो बाई. पेटी दारात आली. साहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. नको. मी सोडला दोर." मामांनी दोन्ही तळवे उघडे करून दाखवले, जणू दोर अजून तिथे होता. "त्या पोराची आई चिंचेखाली उभी राहून वर बघत होती. घंटेकडं. ती काय बोलली नाही. साहेबांना ते लागलं. लई लागलं."

"पप्पा कधी बोलले त्याबद्दल?"

"दरसाल. त्याच तारखेला यायचे, इथंच बसायचे, तू बसलीस तिथं. चहा प्यायचे. बोलायचे नाहीत. मीच एकदा म्हणलो, साहेब, आज वाजवू का एकोणीस? कोणाला कळतंय? तर म्हणले, इस्राएल, लोक विचारतील कोणाची घंटा. मग मला उत्तर द्यावं लागेल. सगळ्यांसमोर म्हणावं लागेल, की मी भ्यालो होतो. तेवढं माझ्याच्यानं होत नाही."

बाहेर कोणी सायकल टेकवून पुढे गेलं.

"मग गेल्या नाताळात आले," मामा म्हणाले, "दम लागत होता त्यांना. म्हणले, माझी वेळ आली की आधी त्या पोराचे वाजव. मग जरा थांब. मग माझे."

"काय?"

"मी म्हणलो, साहेब, लोक म्हणतील म्हाताऱ्याला मोजता येईना. तर हसले. म्हणले, म्हणू दे. तुझी काय बढती अडणार हाय?" मामाही हसले, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. "आधी एकोणीस. मग थांबलो. मग अठ्ठ्याहत्तर. एक बी चुकला नाही बाई. मी चुकलो असं पारधेसर गावभर सांगतेत, मला म्हाइत हाय. सांगू दे."

"तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"तू 'किती झाले' विचारलंस. 'कोणाचे' नाही विचारलं."

त्या खोलीतून घरापर्यंतचं अंतर दोनशे पावलंही नसेल. मला ते चालायला फार वेळ लागला. पप्पांनी आयुष्यात कधी निनावी चिठ्ठीही लिहिली नव्हती, असं मी सगळ्यांना अभिमानानं सांगत असे. आणि सव्वीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली ती अशी, पेटीचं झाकण बंद झाल्यावर, दुसऱ्याच्या हातानं, कोणालाही उलटून विचारता येणार नाही अशा रीतीनं. ज्याला कळायला हवी होती, त्याच्यापर्यंत ती पोचलीच नव्हती. लोकांना वाटलं, मोजणी चुकली.

मी लॅपटॉप उघडला. आधी 'माडी'च्या नोंदवहीतले सगळे ईमेल एकदम निवडले आणि न उघडता पुसून टाकले. पुन्हा मोह झाला तर किल्ली जवळ असता कामा नये. मग लिहायला बसले. चार ओळींना दीड तास लागला. दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करणाऱ्याला स्वतःचं लिहिता येत नाही, ते खरंच आहे.

"'मागचा बाक' यांना. तुमच्या मंडळीचे ते पाळक माझे वडील होते. तुम्ही लिहिलं ते खरं आहे. ते भ्याले होते, आणि हे त्यांना आयुष्यभर माहीत होतं. त्यांच्या दफनाला सत्त्याण्णव टोल झाले. मोजणी चुकली नव्हती. त्यांनी सांगून ठेवलं होतं, की माझ्या आधी त्याचे एकोणीस. मग खंड. मग माझे अठ्ठ्याहत्तर. हे त्यांनी स्वतः तुम्हाला सांगायला हवं होतं. ते त्यांच्याच्यानं झालं नाही, म्हणून मी सांगते आहे. तुम्ही कोण हे मला माहीत नाही आणि आता ते कोणालाच कळू शकणार नाही."

खाली मी माझं नाव लिहिलं. निरुपमा दयासागर हिवाळे. 'माडी'वर पूर्ण नाव लिहिणारी मी पहिली. नियम मीच केला होता, मीच मोडला.

संध्याकाळी मी पारधेसरांच्या घरी गेले. त्यांनी ते वाचलेलं होतं. चेहऱ्यावरून कळत होतं. दिवाणखान्यात त्यांची पत्नी होती, म्हणून ते मला व्हरांड्यात घेऊन आले.

"हे काय केलंस? बापाचं नाव स्वतःच्या हातानं..."

"आता पाटी बसवायची की नाही ते कमिटीनं ठरवावं. मला चालेल."

"आणि तो ईमेल?"

"पुसला. सगळ्यांचेच पुसले."

"मुद्दाम!"

"हो, सर. एकाचं नाव सांगायचं तर सगळ्यांची सांगावी लागली असती. दुधारीचंसुद्धा."

सरांनी दिवाणखान्याचं दार ओढून घेतलं. शेजारच्या अंगणात कोणी कपडे आपटत होतं.

"दुधारीचा मला काय संबंध?" ते म्हणाले.

"काहीच नाही. फक्त एक सांगायचं होतं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका मी तपासली होती, आठवतं? तुमचं मनोगत होतं. त्यात मी एक शब्द सात वेळा दुरुस्त केला होता." मी चपला घातल्या. "'आशीर्वाद', सर. 'शी' दीर्घ."

ते मला फाटकापर्यंत पोचवायला आले नाहीत.

दोन दिवस 'माडी'वर काही हललं नाही. लोक येत, वाचत, निघून जात. मीठसुद्धा गप्प होता. मी खोकी बांधत होते आणि दर अर्ध्या तासानं उठून पाहत होते. मला भीती होती, की त्या माणसाला आपण उघडे पडलो असं वाटेल आणि ते पुन्हा कधी काही बोलणार नाही. तसं झालं असतं तर 'माडी'बद्दल पप्पांचंच बरोबर ठरलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं.

"त्या दिवशी पेटी बाहेर गेली तरी मी चर्चमध्येच बसून होते. टोल मोजत होते. सवयच आहे. एकोणिसाव्यानंतर घंटा थांबली तेव्हा मी बाकावरून उठले. शेजारची म्हणाली, काय झालं गं? मी काही सांगू शकले नाही. मग घंटा पुन्हा सुरू झाली आणि मी खाली बसले. म्हटलं, वेडी आहेस, त्याची कशी असेल. त्या एका क्षणानं मला दहा दिवस झोपू दिलं नाही, म्हणून इथे लिहिलं. म्हणजे तो भास नव्हता. मी ऐकली. मी उभी होते."

होते. उठले. बसले. उभी. ती आता क्रियापदं लपवत नव्हती.

पाटी ठरल्या रविवारी बसली. पारधेसरांनीच पडदा सरकवला, भाषण मात्र केलं नाही. उपासनेनंतर मी सगळ्यांशी हात मिळवत दाराशी उभी होते. साधारण माझ्याच वयाच्या आठ-दहा बायका माझ्यासमोरून गेल्या. एकीनं माझा हात दोन्ही हातांत धरला, तिच्या मागच्या दोघींनीही धरला. मी कोणाकडेही इतरांपेक्षा जास्त पाहिलं नाही. ते तेव्हा फार कठीण गेलं. बाहेर कबरस्तानाच्या कोपऱ्यात इस्राएलमामा खुरपं घेऊन बसले होते. तिथलं गवत कोणीतरी आधीच काढून ठेवलेलं पाहून त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं.

'माडी' आता बंद आहे. सगळे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर असतात. तिथे प्रत्येकाचं नाव आणि फोटो दिसतो, रोज सकाळी फुलांची चित्रं येतात, आणि कोणी काही विचारत नाही. बंद करण्याआधी मी ते सगळं संभाषण कागदावर छापून ठेवलं. पप्पांच्या कागदांच्या फाइलीत आहे. कधीतरी काढून वाचते. 'माडी' चांगली होती की वाईट, असं कोणी विचारलं तर मी दुधारीचं पहिलं उत्तर दाखवते, आणि मग त्याचं शेवटचं.

ते पाटी बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेलं आहे. त्यानंतर दुधारीनं 'माडी'वर कधी काही लिहिलं नाही.

"त्या मुलाला मी नववीत गणित शिकवले. पाढे पाठ नव्हते, पण उत्तर बरोबर यायचे. कसे, ते मला कधी कळले नाही. वर्गात तोही मागच्याच बाकावर बसे. त्या वेळी मी जे म्हणालो ते म्हणायला नको होते. त्याला, आणि ताई, तुम्हाला, आशीर्वाद."

'शी' दीर्घ होती.